मागील पानावरून पुढे

उत्तर डकोटात मार्चमध्येही खिडकीला बर्फ असतो.
आज हालवर नेसेट यांचं तिमाही मूल्यमापन,
खोली अकरा, वय शहाऐंशी.
संगणक अदबीने विचारतो :
मागच्या वेळची उत्तरं आणू का?

एक टिचकी,
आणि डिसेंबरचा माणूस मार्चमध्ये येऊन बसतो,
न थकता, न घसरता.
चालतो : पन्नास फूट, आधाराने.
जेवतो : स्वतःच्या हाताने.
वजन : एकशे चौऱ्याहत्तर पौंड.
सप्टेंबरात एकशे चौऱ्याहत्तर. जूनमध्येही तेवढंच.
इतका स्थिर तर दगडही नसतो,
दगडावर निदान धूळ बसते.

कोरमासा मनरोव्हियाहून आलेली, कायम रात्रपाळीला.
एकोणीस माणसं तिच्या वाट्याला,
लिहायला तिला सवड नसते.
पहाटे कोटाची चेन ओढत ती दारातूनच म्हणाली,
"तुमचा कागद चालतो, डेल्फीन.
म्हातारा जानेवारीपासून चालत नाही."

मग मी मागची उत्तरं पुसली आणि अकरा नंबरला गेले.

स्मृतीच्या रकान्यात होते पंधरापैकी चार.
तीन शब्द सांगायचे, थोड्या वेळाने परत विचारायचे.
उशाजवळचा खण उघडला तर
चष्म्याच्या डबीत नीट निजवलेलं
कानाचं यंत्र, बॅटरी मेलेली.
विसरतात, असं लिहिलं होतं आम्ही.
त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

नवी बॅटरी घातली.
बराच वेळ ते नुसता हीटर ऐकत राहिले,
मग म्हणाले, कोण ओरडतंय?
कोणी नाही, मीच बोलतेय.
पंधरापैकी तेरा.
वार चुकला, पण वार मलाही आठवून सांगावा लागला.

एकतीस वर्षं हा माणूस
गावच्या धान्य-कोठारावर वजनकाट्यापाशी बसला.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक, उरला तो गहू.
भरल्या ट्रकात बसून राहिलेला
आणि रिकाम्यातून हळूच उतरलेला ड्रायव्हर
त्यांना मान वर न करता कळायचा.
भर कापणीत एकाला त्यांनी
परत काट्यावर चढायला लावलं होतं,
दीडशे पौंडांसाठी, वीसेक ट्रक खोळंबलेले असताना.
तो त्यांचा सख्खा मेहुणा होता.
मापात पाप नको, एवढाच त्यांचा धर्म.
रविवारी चर्चमध्ये ते झोपायचे.

हॉफर्ट साहेबांना मी आधीच सांगून आले होते.
ते खुर्चीतून उठले नाहीत.
"खरं लिहिलंस तर एक तारा जाईल आपला.
आणि वरचे विचारतील, कधीपासून?"
कधीपासून.
याचं उत्तर माझ्याकडे नाही.
डिसेंबरच्या पानावर सही मात्र माझी आहे,
वळणदार, घाईत केलेली.

त्यांना चाकांच्या खुर्चीसकट काट्यावर घेतलं.
एकशे सत्त्याण्णव.
"खुर्ची रिकामी तोललीस का?"
तोलली. शेहेचाळीस.
त्यांनी ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली,
माझ्या आधी.
एकशे एक्कावन्न.

तेवीस पौंड माणूस आमच्या देखत गेला
आणि कुणी पावतीसुद्धा फाडली नाही.
मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील.
रागावतील. किंवा रडतील, काही जण रडतात.
ते माझ्या हाताकडे बघत होते.

"हात काढ," ते म्हणाले.

खुर्चीच्या दांड्यावर होता माझा हात,
सवयीने ठेवलेला, मायेने म्हणा हवं तर.
काढला.
आकडा जरा थरथरला
आणि एकशे पंचाण्णववर थांबला.

"हां," ते म्हणाले.
"आता लिही."